जिप्सीच्या मागच्या डिफची गळती : ब्रीदर, पिनियन सील आणि एक ओला ड्रम

गाडी : मारुती जिप्सी किंग, १.३ पेट्रोल, पुढे-मागे सॉलिड अ‍ॅक्सल, चारही कोपऱ्यांत पाटे. वापर पावसाळ्यात घाटमाथ्याच्या कच्च्या वाटांवर आणि ओढ्यांत जास्त, उन्हाळ्यात बऱ्याचदा नुसती उभी. तक्रार दोन ठिकाणची : मागच्या डिफखाली (डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) रात्रीतून रुपयाएवढा डाग आणि उजव्या मागच्या टायरच्या आतल्या अंगाला ओल. पिनियनचं (डिफमध्ये ताकद आणणाऱ्या छोट्या गिअरच्या दांड्याचं) सील मागच्याच मोसमात बदललेलं आहे आणि तरीही त्याच जागी तेल आहे. म्हणजे नवं सील आणून ठोकणं हा या वेळचा पहिला उद्योग नव्हे.

नोंद १ : तेल कुठलं आणि कुठून

डाग मागे पडला म्हणजे डिफच गळतोय असं नाही. चालत्या गाडीखालचा वारा सगळं मागे रेटतो. ट्रान्स्फर केसचं (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं) मागचं सील पाझरत असेल तर तेल प्रॉपशाफ्टवरून, म्हणजे तिथून डिफपर्यंत येणाऱ्या फिरत्या दांड्यावरून, सरकत डिफच्या तोंडापर्यंत येतं. म्हणून आधी प्रॉपशाफ्टचं पुढचं टोक बघायचं. इथे ते कोरडं, धुळीने माखलेलं. ट्रान्स्फर केस निर्दोष सुटली.

ई.पी. ९० या गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, त्यावरून ते लगेच ओळखू येतं. चाकाजवळच्या ओलीबद्दल मात्र शंका राहते, कारण तिथे अ‍ॅक्सल सीलही असतं आणि व्हील सिलिंडरही. वाटीत पाणी घेऊन त्यात बोटावरचा थेंब सोडायचा. डॉट ३ ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, गिअर ऑइल तवंग धरतं. इथे तवंग आला.

मग हाऊसिंग (डिफचं बाहेरचं कवच) डिझेल आणि तारेच्या ब्रशने धुतलं, ब्रेक क्लीनरने कोरडं केलं आणि पिनियनच्या नाकावर, कॅरियरच्या (डिफचे गिअर धरणाऱ्या भागाच्या) जोडावर, दोन्ही प्लगभोवती टाल्कम पावडर फुंकली. हाय प्रेशर वॉशर टाळा. पाणी सीलच्या ओठात आणि ब्रीदरमध्ये (हाऊसिंगच्या हवा जायच्या-यायच्या तोंडात) घुसतं, मग निदान करायला आणखी एक भानगड वाढते.

तीस किलोमीटर चालवल्यावर पावडरीने सांगितलं ते असं : कॅरियरचा जोड कोरडा, ड्रेन प्लग कोरडा, पिनियनच्या नाकाची खालची कड काळी. वर बॉडीच्या तळाला, फ्लँजच्या (पिनियनच्या टोकावरच्या, प्रॉपशाफ्ट बोल्टने जोडायच्या तबकडीच्या) बरोबर रेषेत, तेलाच्या शिंतोड्यांचा आडवा पट्टा. हा पट्टा पिनियनच्या गळतीची सही आहे. फिरणारी फ्लँज तेल भिरकावते. पॅकिंगची गळती अशी भिरकावत नाही, ती सरळ खाली ओघळते. नेहमी सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला बिंदू शोधा. खालचा थेंब फक्त गुरुत्वाकर्षण कुठे आहे ते सांगतो.

नोंद २ : ब्रीदर

सीलकडे जाण्याआधी हे. हाऊसिंगवरचा ब्रीदर काढून तोंडाने फुंकला. हवा अजिबात जात नाही. आत वाळलेला चिखल, दगडासारखा. बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत कुंभारमाशीही हेच काम चोख करते.

हिशेब सोपा आहे. हाऊसिंगमधली हवा सकाळी ३० अंशांवर असते, घाट चढून उतरल्यावर ९० च्या आसपास जाते. केल्व्हिनमध्ये ३०३ वरून ३६३. बंद डब्यात दाब तितक्याच पटीत वाढतो, म्हणजे सुमारे २० टक्के किंवा ०.२ बार. ऐकायला किरकोळ वाटतो, पण पिनियन सीलचा ओठ एका बारीक गोल स्प्रिंगच्या (गार्टर स्प्रिंग) जोरावर शाफ्टला टेकलेला असतो आणि तो तेल अडवायला बनवलेला आहे, दाब धरायला नाही. तेल सगळ्यात दुबळ्या ओठातून बाहेर पडतं. आधी पिनियन, मग अ‍ॅक्सलची सीलं.

उलटा प्रकार याहून वाईट. तापलेला डिफ ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद असेल तर सीलच्याच वाटेने पाणी आत ओढलं जातं. तेल चहाच्या साईसारखं दिसू लागतं. या गाडीचं तेल तपासलं तर काळपट, पण दुधाळ नाही. थोडक्यात निभावलं.

उपाय : ब्रीदरच्या जागी त्याच आट्याचा नळीचा निपल, त्यावर तेल सहन करणारी ८ मि.मी. आतल्या व्यासाची रबरी नळी, चॅसिसवरून वर नेऊन मागच्या दिव्याच्या पोकळीत बॉनेटच्या उंचीपर्यंत. टोकाला पेट्रोलचा छोटा फिल्टर. नळीत कुठेही खाली झोळ नको, झोळात तेल साठून तीच वाट बंद होते. अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबत असताना नळी ताणली जात नाही ना, हे गाडी जॅकवर असतानाच बघून घ्या.

नोंद ३ : पिनियन

गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, मागचा अ‍ॅक्सल दोन स्टँडवर, चाकं आणि ड्रम काढलेले. नुसत्या जॅकवर काम नको.

पहिली तपासणी खेळाची. फ्लँज हाताने फिरवली की थोडी मागेपुढे टक-टक होते. तो क्राऊन-पिनियनचा बॅकलॅश, म्हणजे दातांमधला मोकळा खेळ, तो असायलाच हवा. फ्लँज पुढे-मागे किंवा वर-खाली ओढून हाताला जाणवेल इतका खेळ असेल तर पिनियन बेअरिंग संपलेलं आहे. अशा पिनियनवर कितीही चांगलं सील बसवा, शाफ्ट डोलतो आणि ओठ एका बाजूने उघडतो. इथे खेळ शून्य.

प्रॉपशाफ्टच्या आणि डिफच्या फ्लँजवर एकाच रेषेत पंचाने खूण केली आणि बोल्ट सोडले. खूण न करता फिरवून बसवला तर बॅलन्स बिघडून साठ-सत्तरच्या वेगाला घुमण्याचा आवाज येऊ शकतो.

आता मुख्य मुद्दा. या पिनियनच्या दोन बेअरिंगमध्ये चेपणारी बाही असते, म्हणजे क्रश स्लीव्ह. नट आवळला की ती चेपते आणि बेअरिंगला हवा तेवढा प्रीलोड, म्हणजे आधीपासूनचा दाब, मिळतो. चेपलेली बाही परत लांब होत नाही. म्हणून नट इम्पॅक्ट गनने ‘घट्ट’ करणं म्हणजे बेअरिंगची वाट लावणं. सील बदलल्यावर दोन-तीन महिन्यांत डिफ रडू लागला, अशा कहाण्यांमागे अनेकदा हेच असतं.

नट सोडण्याआधी दोन मोजमापं घेतली. एक, नट, पिनियनचं टोक आणि फ्लँज यांवर एका रेषेत खूण, आणि नटाबाहेर किती आटे दिसतात त्याची मोजणी. दोन, फिरवायला लागणारा जोर : फ्लँजवर दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्याने एकसारखी ओढायची आणि फिरत असतानाचा आकडा वाचायचा, सुटतानाचा झटका नाही. काट्यावर २.४ किलो, फ्लँजची त्रिज्या ५ सें.मी., म्हणजे १२ किलो-सेंटिमीटर. अ‍ॅक्सल शाफ्ट जोडलेले असल्यामुळे हा निव्वळ पिनियनचा प्रीलोड नाही, मॅन्युअलमधल्या आकड्याशी त्याची तुलना करू नका. तो फक्त आधी आणि नंतर यांच्या तुलनेसाठी आहे.

फ्लँज धरून ठेवायला दोन बोल्टांनी जोडलेली लोखंडी पट्टी, नटाला बॉक्स पाना आणि लांब पाइप. फ्लँज पुलरने काढली. हातोडीने ठोकून काढू नका, फ्लँजची तबकडी वाकते.

फ्लँज पुसल्यावर मागच्या सीलच्या अपयशाचं दुसरं कारण दिसलं. ओठ जिथे घासतो तिथे गोल चर, नख अडकेल इतका. नवा ओठ त्याच चरात बसला होता आणि पहिल्या दिवसापासून सैल होता. अशा वेळी तीन वाटा : नवी फ्लँज, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची दुरुस्तीची स्टीलची बाही, किंवा सील दीड-दोन मिलिमीटर कमी खोल बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणणं. तिसरी वाट फुकटची आहे, पण सील खोबणीत पुरेसं धरलं गेलं पाहिजे आणि फ्लँजची धूळ-झाकणी त्याला घासता कामा नये. इथे बाही घातली. तिचं माप चर नसलेल्या जागी व्हर्निअरने घ्यायचं. लेथवर चर घासून काढणं मात्र वेडेपणा आहे, त्याने व्यास कमी होतो. पॉलिश पेपर मारायचाच तर ४०० किंवा त्याहून बारीक, आणि घेराच्या दिशेने. तिरके ओरखडे स्क्रूसारखे वागतात आणि तेल बाहेर ओढतात.

जुनं सील काढताना खोबणीच्या भिंतीला पेचकसाचा ओरखडा जाऊ द्यायचा नाही. नवं सील जुन्यावर छापलेल्या मापांशी जुळवून घेतलं. ओठाजवळ बाण असेल तर तो गाडी पुढे जाताना पिनियन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेचा हवा. बाहेरच्या कडेला सीलंटचा पातळ हात, दोन ओठांमध्ये ग्रीस, आणि सीलच्या बाहेरच्या व्यासाइतका सपाट कापलेला पाइपचा तुकडा ठेवून चारही बाजूंनी हलके ठोके. कोरडा ओठ पहिल्या काही मिनिटांतच जळतो. वाकडं बसवलं किंवा जोरात ठोकलं तर आतली गार्टर स्प्रिंग सुटते आणि ते बाहेरून कळतही नाही. ठोकून झाल्यावर बोटाने चाचपून बघा.

हमखास विसरली जाणारी जागा म्हणजे फ्लँजचे स्प्लाइन, पिनियनवर बसणारे आतले दात. तेल स्प्लाइनच्या खाचांतून सरकत नटाखालून बाहेर येतं आणि दोष सीलवर येतो. ओळखायची खूण अशी, की फ्लँजच्या मधल्या वाटीत, नटाभोवती तेल असतं. या गाडीत ते होतंच. बसवताना स्प्लाइनच्या बाहेरच्या अर्ध्या भागाला आणि वॉशरखाली तेल सहन करणारं सिलिकॉन लावलं.

नट नवा. जुन्या खुणेपर्यंत आणला, मग थोडा-थोडा पुढे, प्रत्येक वेळी फ्लँज दहा-बारा फेऱ्या फिरवून काटा लावून. लक्ष्य जुन्या आकड्यापेक्षा ३ ते ५ किलो-सेंटिमीटर जास्त. १५ वर थांबलो. वापरलेल्या बेअरिंगला इतकंच. चुकून जास्त आवळला गेला तर नट मागे घेऊन भागत नाही. कॅरियर उतरवून नवी क्रश स्लीव्ह घालावी लागते.

नोंद ४ : उजवा ड्रम

हे काम पटकन होतं, फक्त घाणेरडं आहे. बॅकप्लेटचे नट आणि ब्रेक पाइप सोडून अ‍ॅक्सल शाफ्ट स्लाइड हॅमरने ओढला. सील हाऊसिंगच्या टोकात असतं. शाफ्ट परत घालताना हाताने तोलून धरा. शाफ्ट ओठावर टेकवून ढकलला की स्प्लाइनचे दात नवा ओठ कापतात आणि सगळं पुन्हा. बेअरिंग फिरवून बघितलं, खरखर नाही, ठेवलं.

तेल प्यायलेले ब्रेक शू फेकून द्या, दोन्ही चाकांचे. पेट्रोलने धुऊन किंवा भाजून ते वरून कोरडे दिसतात, पण ड्रम तापला की तेल पुन्हा वर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते. पाइप सोडलेला असल्यामुळे शेवटी ब्रेकमधली हवा काढणं आलंच.

नोंद ५ : तेल

आधी भरायचा प्लग उघडायचा, मग ड्रेनचा. उलट केलं आणि वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला तर रिकामा डिफ घेऊन अंगणात बसावं लागतं. जुनं तेल १.१ लिटर निघालं. मागच्या डिफमध्ये साधारण दीड लिटर मावतं. ड्रेन प्लगवरची करडी, लोण्यासारखी पेस्ट ही नेहमीची झीज. त्यात तुकडा किंवा पापुद्रा दिसला तर पुढचं सगळं थांबवून कॅरियर उतरवायचा.

तेल ८०डब्ल्यू-९०, जीएल-५. नळी लावलेल्या हातपंपाने, भरायच्या भोकाच्या कडेवरून ओघळेपर्यंत आणि त्यापुढे थेंबभरही नाही. गाडी सपाट असताना. मागची बाजू उचललेली असताना भरलं तर पातळी चुकते. जास्त तेल घुसळून फेसाळतं, तापतं आणि पुन्हा सीलवरच जोर येतो. वॉशर नवे, टेफ्लॉन टेप नको.

नोंद ६ : ४० आणि ५०० किलोमीटर

पुन्हा पावडर. ४० किलोमीटरनंतर पिनियनचं नाक कोरडं, आणि हाताला सोसेल इतकंच गरम. हात टेकवता येत नसेल तर प्रीलोड जास्त झाला आहे. पहिल्या काही किलोमीटरमध्ये ओठाबाहेर ग्रीसची बारीक कड येते, तिला गळती समजू नका.

५०० किलोमीटरला एकसारख्या वेगात आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर, दोन्ही वेळा कान दिला. रडण्याचा आवाज नाही. पातळी प्लगच्या कडेला. उजवा ड्रम कोरडा. फरशीवर अजून एक डाग आहे, पण तो पुढे, डाव्या चाकामागे : नकलच्या (पुढचं चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) गोळ्यावरचं ग्रीस पातळ होऊन ओघळतंय आणि त्याला गंधकाचा वास आहे. म्हणजे पुढच्या डिफचं तेल अ‍ॅक्सलच्या आतल्या सीलमधून नकलमध्ये उतरतंय. बाहेरचं वायपर सील बदलून ते थांबणार नाही. पुढचा ब्रीदर काढून फुंकला : तोही बंद.