डाफ्ट पंक थांबले त्या रात्रीचं मिक्सिंग

पुण्यात माझा मिक्सिंग-मास्टरिंगचा, म्हणजे गाण्यातले आवाज नीट बसवून शेवटचा हात फिरवायचा, छोटासा स्टुडिओ आहे. गिऱ्हाईक बहुतेक आपलेच मराठी डीजे, हळदीचे रिमिक्स, गणपतीचे ट्रॅक, भीमगीतं, कधीमधी एखादं ओरिजिनल गाणं. 22 फेब्रुवारी 2021 ला, सोमवारी, कराडकडची दोन पोरं येणार होती. लहानपणापासूनचे दोस्त, दोघांच्या नावातली अक्षरं जोडून केलेलं डीजेचं नाव, बॅनरवर दोघांचे गॉगलवाले फोटो. एक जण लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक बनवतो आणि दुसरा कन्सोलवर उभा राहून पब्लिक सांभाळतो, सुपाऱ्या म्हणजे कार्यक्रमाच्या ऑर्डरी घेतो, पैशाचं बघतो. मी इथं लॅपटॉपवाला आणि कन्सोलवाला म्हणतो.

तो दिवस आमच्या लाईनीतल्या कुणीच विसरलेलं नसणार. कोरोना परत वाढत होता म्हणून आदल्या संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी राजकीय, धार्मिक, सामाजिक गर्दीचे कार्यक्रम बंद केल्याचं सांगितलं, पुण्यात सोमवारपासून रात्री 11 ते सकाळी 6 बाहेर पडायचं नाही आणि लग्नाला फक्त 200 माणसं. आख्खं 2020 घरी बसून काढलेल्या साऊंडवाल्यांचं, बँजोवाल्यांचं, डीजेंचं कुठं जरा सुरू झालं होतं ते परत ठप्प. ही दोघं दुपारी पोचली तोवर कन्सोलवाल्याच्या सुपाऱ्या फोनवरच कॅन्सल होत आलेल्या आणि प्रत्येक फोनला तो शांतपणे "व्हय काका, समजू शकतो" म्हणत होता, ॲडव्हान्स कधी परत देऊ ते पण सांगत होता.

ट्रॅक त्यांचं पहिलंच ओरिजिनल होतं. मिनिटाला 128 ठोके, खाली हाऊसची, म्हणजे क्लबातल्या नाचाच्या संगीताची किक, ड्रमचा तो जाड ठोका, आणि वर हलगी. कल्पना खरंच चांगली होती पण हलगी म्हणजे सँपल पॅकमधला, म्हणजे तयार आवाजांच्या संचातला, एकच फिरत राहणारा तुकडा, लूप, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दर दोन बारनी (बार म्हणजे चार ठोक्यांचं एक आवर्तन) तोच ठोका त्याच जोरात. किक आणि बेस एकमेकांच्या अंगावर येत होते ते मी साइडचेन लावून, म्हणजे किक वाजताना बेस आपोआप दबेल असं करून, मोकळे केले, खालचे आवाज दोन्ही स्पीकरमधून सारखे म्हणजे मोनो केले, मास्टरिंगसाठी जागा ठेवली, सगळं नीट बसलं तरी ऐकताना अंगात काही येत नव्हतं. हलगी वाजली आणि माणूस बसून राहिला म्हणजे काहीतरी चुकतंय.

संध्याकाळी त्यांचंच जुंपलं. कन्सोलवाला म्हणाला, सुपाऱ्याच नाहीत तर जोडी कशाला, ट्रॅक तू तुझ्या एकट्याच्या नावावर टाक, तसाही सगळा तूच बनवलाय, मी चुलत्याच्या दुकानात बसतो. लॅपटॉपवाला लय दुखावला. "म्हंजे इतकी वर्षं मी एकटाच होतो व्हय?" त्यावर कोणीच काही बोललं नाही, आणि त्यातच लॅपटॉपवाल्याच्या फोनवर बातमी आली, डाफ्ट पंक, म्हणजे हेल्मेट घालून इलेक्ट्रॉनिक संगीत करणारी ती फ्रेंच जोडी, थांबली.

आम्ही त्यांनी टाकलेला निरोपाचा व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर लावला. साधारण आठ मिनिटांचा. त्यांच्याच 2006 च्या फिल्ममधला तुकडा आहे, दोन हेल्मेटवाले रोबो वाळवंटात चालतायत, एक जण थांबतो, जॅकेट काढून पाठ दाखवतो, दुसरा पाठीवरचा टायमर सुरू करतो, पहिला लांब चालत जातो आणि फुटतो. मग 1993–2021. बास. ना पत्रक, ना कारण. पोरांना हेल्मेट आणि एखाददुसरं गाणं एवढंच माहीत होतं. मला मात्र फार लागलं, कारण मी या कामाला लागलोच त्यांच्या रेकॉर्ड ऐकून. अकरानंतर गाडी काढता येणार नव्हती, म्हटलं आता सकाळपर्यंत इथंच थांबा, खिचडी टाकू आणि ऐकू.

मग मी पहिल्यापासून लावत गेलो. थॉमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो, पॅरिसच्या शाळेतले दोस्त, 1987 पासूनची ओळख. आधी तिसऱ्या एका मित्राबरोबर गिटारचा बँड होता, त्याला एका ब्रिटिश साप्ताहिकाने 'डाफ्ट पंकी थ्रॅश' म्हणून झोडपलं आणि त्याच शब्दांतून यांनी नाव उचललं. 1993 ला पॅरिसजवळच्या युरोडिस्नेमधल्या पार्टीत स्कॉटलंडच्या एका लेबलवाल्याच्या हातात डेमो टेकवला. 1997 चा 'होमवर्क' हा पहिला अल्बम थॉमाच्या घरातल्या खोलीत झालेला, स्टुडिओ असा नव्हताच. हे ऐकून लॅपटॉपवाला सरळ होऊन बसला कारण त्याचंही सगळं माळ्यावरच्या खोलीत चालतं. मोठ्या लेबलकडे गेले तेव्हासुद्धा गाण्यांची मालकी आपल्याकडेच ठेवली, आणि पैशाचं बघणाऱ्या कन्सोलवाल्याने हा मुद्दा बरोब्बर पकडला, करार कसा असतो, लायसन्स म्हणजे काय, किती वर्षं, सगळं मला विचारत बसला.

माझं मत विचाराल तर त्यांची खरी कमाल 'नाही' म्हणण्यात आहे. 28 वर्षांत चार स्टुडिओ अल्बम आणि एका सिनेमाचं संगीत. 2006 ला अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवात तो दिव्यांचा पिरॅमिड आणला, ज्याच्या आत उभं राहून वाजवायचे, 2007 पर्यंत जगभर फिरवला, जग वेडं झालं, आणि परत तसा दौरा केलाच नाही. दुसरा कुणी तो पिरॅमिड दरवर्षी फिरवत बसला असता. हेल्मेट चढवल्यावर स्टेजवर तोंड दाखवलं नाही, मुलाखती मोजक्या, आणि कुणी कुठला आवाज बनवला याचा हिशोब लोकांपुढे कधी मांडलाच नाही, ट्रॅकखाली दोघांचं नाव सोबतच. कन्सोलवाल्याने हे दोनदा विचारून घेतलं, "म्हंजे दादा, कोण काय करत हुतं कुणालाच म्हाईत न्हाय?"

सगळ्यात जास्त वेळ आम्ही 2013 च्या अल्बमवर काढला. सँपलरवर, म्हणजे जुन्या रेकॉर्डचे तुकडे कापून वाजवण्यावर, मोठे झालेले हे दोघं, आणि तिथं पोचल्यावर सँपल जवळजवळ बाजूला ठेवून खरी माणसं बोलावली. ड्रमवर ओमर हकीम, बेसवर नॅथन ईस्ट, गिटारवर नाईल रॉजर्स, आणि रेकॉर्डिंग टेपवर. अल्बम आणि त्यातलं एक गाणं मिळून पाच ग्रॅमी, त्यातली एक फक्त साऊंड इंजिनिअरिंगची, आणि आम्हा पडद्यामागच्या लोकांना तिचं मोल जास्त. डिस्कोच्या काळातल्या नावाजलेल्या जॉर्जिओ मोरोदेर या संगीत निर्मात्याला तर नुसता बोलायला बसवलेला, समोर वेगवेगळ्या काळातले तीन माइक, आयुष्याच्या ज्या काळाबद्दल बोलेल त्या काळचा माइक. हा फरक ऐकणार कोण असं त्याने विचारलं तर इंजिनिअर म्हणाला, त्या दोघांना कळेल.

पहाटे लॅपटॉपवाल्याने काही न बोलता प्रोजेक्ट उघडला आणि हलगीचा लूप डिलीट केला.

सहा वाजून गेल्यावर मी ओळखीच्या हलगीवाल्या मामांना फोन लावला. वरातीत वाजवणारा माणूस, त्यांचंही काम बंदच होतं, तासाभरात आले. हलगी कातड्याची, म्हणून आधी गच्चीत कागद पेटवून शेकली, मधूनमधून बोटाने वाजवून बघत, ताण हवा तसा चढेपर्यंत घाई केली नाही. मी एक माइक अगदी चामड्याजवळ लावला, एक सहा-सात फुटांवर खोलीचा आवाज घ्यायला, आणि तिसरा म्हणून कन्सोलवाल्याचा हळदीत अनाउन्समेंट करायचा माइक, तोच, वायरला चिकटपट्टी लावलेला. पहिल्या दोनात हलगी छान येत होती, पण गल्लीतली वरात आली ती तिसऱ्यातून.

अडचण क्लिकची, म्हणजे ठेका धरायला हेडफोनात वाजणाऱ्या टिकटिकीची होती. मामांनी हेडफोनवर क्लिक ऐकत कधी वाजवलेलं नाही, दहा सेकंदात हात आखडला. तेव्हा कन्सोलवाला आत गेला, मामांचे हेडफोन काढले, स्वतः घातले, आणि समोर उभा राहून अंगाने ठेका दाखवायला लागला, जसं स्टेजवरून पब्लिकला दाखवतो तसं. मामा खुलले. टेम्पो थोडा पुढेमागे झाला, तो मी तसाच ठेवला आणि किक त्यांच्यामागे सरकवली. नंतर ड्रॉप, म्हणजे थांबलेला ठेका जोरात परत येतो ती जागा, कुठं टाकायचा यावर लॅपटॉपवाल्याने चार बार धरले होते, कन्सोलवाला म्हणाला नाही, आठ घे, हळदीत माणसं एवढ्यात हात वर करत नाहीत, आधी एकमेकांकडं बघतात. आठ घेतले. तो ट्रॅक तिथं उभा राहिला. लॅपटॉपवाला त्याच्याकडे बघून म्हणाला, "आता सांग, कुणी बनवलं?"

मामांचे पैसे कन्सोलवाल्याने तिथंच दिले आणि क्रेडिटमध्ये त्यांचं नाव घालायचं हेही त्यानेच लिहून घेतलं. ट्रॅक मार्चमध्ये आला, दोघांच्या नावाने. कन्सोलवाला चुलत्याच्या दुकानात बसलाच, लग्नं सुरू होईपर्यंत बसला. मधल्या काळात माझ्याकडे त्यांच्या फाइली येत राहिल्या, आजही येतात, आणि प्रत्येकीत दोघांच्या नोंदी असतात, लॅपटॉपवाल्याच्या डीबी आणि हर्ट्झमध्ये, कन्सोलवाल्याच्या "इथं पब्लिक खाली बसंल, हे काढा" अशा, आणि मी दोन्ही वाचल्याशिवाय फेडरला हात लावत नाही.