मागाहून म्हणाला

कोजागिरी उलटली की आमच्या प्रेसमध्ये कुणी कुणाशी सरळ बोलत नाही. १९०९ साली ‘मनोरंजन’नं मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून एक तरी अंक ठरल्या दिवशी छापून झाला असेल यावर माझा विश्वास नाही. मी मुद्रितशोधक. लोकांना वाटतं आम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघत बसतो. आम्ही आधी जाहिरातींतले फोन नंबर बघतो. कवितेत वेलांटी चुकली तर कवी रुसतो, जाहिरातीत आकडा चुकला तर बिल अडकतं.

त्या दिवशी शेवटचा फर्मा संध्याकाळी सहाला प्लेटला जायचा होता. सोळा पानं. त्यातली तीन पानं एका विनोदी कथेची. लेखक आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातले, यंत्रमागावर उभं आयुष्य काढलेले. घरात तेलुगू, बाहेर मराठी, गरज पडली तर कन्नड. मजकूर हाताने लिहिलेला, अक्षर मोत्यासारखं. आमची डीटीपीवाली मुलगी टाइप करताना मध्येमध्ये फिसकन हसत होती. मला वाटलं, मराठीला हसतेय.

आणि मी लाल पेन काढलं.

‘‘चादर कुठाय माझी?’ गिऱ्हाइकानं विचारलं. ‘अजून उतरली नाही,’ विणकर मागाहून म्हणाला.’ अरे, विणकर समोर उभा आहे, लगेच उत्तर देतोय, मग मागाहून कसा? उडवलं. ‘‘कात संपला,’ पानवाला कातावून म्हणाला.’ पुनरुक्ती, ‘वैतागून’ केलं. ‘‘कांदा चिरू कशानं?’ वहिनी बेसुरी ओरडली.’ ओरडण्यात कसला सूर? ‘मोठ्यानं’. ‘‘विहीर आटली,’ आजोबा खोलात शिरून म्हणाले.’ नुसतं ‘म्हणाले’ पुरे. असे अकरा ठिकाणी हात फिरवले. मला त्याचा अभिमानही वाटला, तो सांगून टाकतो. एम.ए. मराठी आहे मी. संवादाच्या शेपटीला लोंबणारी क्रियाविशेषणं छाटायची ही माझी जुनी खोड. शिवाय मनात होतंच, तेलुगू माणूस आहे, चुकायचंच.

चारला लेखक प्रूफ बघायला आले. चष्मा पुसून शांतपणे तिन्ही पानं वाचली, पहिल्या पानावर परत आले आणि म्हणाले, “सर, माझा माग काढून टाकलाव की ओ.”

“कुठला माग, काका?”

“विणकर कुठनं बोलतो? मागाहून बोलतो. मागावरनं.”

मान वर करायची हिंमत होईना. मग मीच एकेक ओळ बघत गेलो. कातावून, त्यात कात. बेसुरी, म्हणजे सुरीवाचून. सभंग श्लेष, अभंग श्लेष दोन्ही घोकून परीक्षेला लिहिलेले, आणि समोर बसलेला श्लेष ओळखू आला नाही. ‘‘सूत पुन्हा महागलं,’ शेठनी सूतोवाच केलं’ या ओळीतलं सूतोवाच काढून मी ‘सांगितलं’ घातलं होतं. ते शेठनी वाचलं असतं तर तेही कातावले असते.

नंतर शोधलं, तर संवादाच्या शेपटीला असा श्लेष लावण्याला इंग्रजीत नावच आहे, टॉम स्विफ्टी. १९१० पासून निघालेल्या मुलांच्या साहसकथांचा नायक टॉम स्विफ्ट. त्याला नुसतं ‘म्हणाला’ म्हणणं लेखकांच्या जिवावर यायचं, दर वेळी शेपटीला काहीतरी लागायचंच. त्याची टर म्हणून हा प्रकार निघाला आणि १९६३ च्या सुमारास अमेरिकेत त्याची लाट आली. काकांनी टॉमचं नावही ऐकलेलं नव्हतं. “मराठी बाहेरनं शिकली की शब्दाच्या आत काय आहे ते दिसतंय,” एवढंच म्हणाले. माझ्यासारख्या घरच्या माणसाला कपाटात काय ठेवलंय ते कुठं आठवतं?

सव्वापाचपर्यंत दहा ओळी परत लागल्या. अकरावीला अडलो. हस्तलिखिताचं शेवटचं पान गठ्ठ्यात कुठंतरी गेलं होतं आणि जुन्या फाइलवर दुरुस्त फाइल चढली होती. जुनी प्रत वेगळ्या नावानं ठेवा, हे मी मालकांना तीन वर्षं सांगतोय. ओळ एवढीच उरलेली: ‘‘यंदा गड्ड्याला जाऊच,’ आत्या म्हणाली.’

“इथं काय होतं, काका?”

“मलाच आठवंना.”

सिद्धेश्वराच्या यात्रेला आम्ही गड्डा म्हणतो. मी सुचवलं, “गडबडीनं?”

“ते गडबडीत सुचल्यासारखं वाटतंय.”

सहाला प्लेट गेली. अंक निघाला, विकलाही गेला. आत्या अजून डोक्यातून जात नाही. भाजी निवडताना, सात रस्त्याला सिग्नलला थांबलो की शब्द लावून बघतो. पाळणा, मौत का कुआं, नंदीध्वज, बाराबंदी; एकही आत्याच्या तोंडाला लागत नाही.

परवा डीटीपीवालीला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, “सर, बाकी सगळ्या ओळींना मी हसले होते, आत्याच्या ओळीला हसल्याचं आठवत नाही. तिथं तुम्ही एक ‘लगेच’ काढला असेल फार तर.”