कापडी पट, अंदमानच्या पावसातून परत

तीन जुन्या बैठ्या खेळांचे पट पूर्ण झाले: चल्लस आठ (दान टाकून सोंगट्या आतल्या घरात नेण्याचा), नवकंकरी (तीन सोंगट्या एका रेघेत आणण्याचा) आणि वाघबकरी (बकऱ्यांनी वाघांना कोंडण्याचा). तिन्ही मांजरपाटावर दोऱ्याने, हाताने भरलेले, आणि मे अखेरीस अंदमानच्या पावसात मनसोक्त खेळून झाले.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी थोडं मागचं. मान्सून केरळात 1 जूनच्या आसपास येतो, अंदमानच्या समुद्रात त्याच्याही आधी. म्हणजे इथे शाळांना सुट्टी आणि पुणं भाजून निघत असताना तिकडे समुद्र खवळला की बोटी बंद. शिवाय अंधार लवकर पडतो. घड्याळ आपलंच, पण ही बेटं पुण्याच्या जवळजवळ 19 रेखांश पूर्वेला आहेत, आणि एका रेखांशाला चार मिनिटं. त्या दिवसांत पुण्यात सूर्य सातनंतर मावळतो, तिथे सहाच्या आतच. मुलं, त्यांची आजी (माझी आई) आणि आम्ही दोघं अशा घरासाठी ती संध्याकाळ फार लांब असते. म्हणून हा संच केला.

रेघा रंगवायच्या की भरायच्या, हे ठरत नव्हतं. कापडाचा रंग पाण्यात टिकतो, पण दमट हवेत घडी एकमेकींना चिकटते. शेवटी भरतकामाचा सहापदरी दोरा घेतला, त्यातले तीन पदर, साखळी टाका. याचा फायदा तिथे गेल्यावरच पूर्ण कळला. स्वराज द्वीपवर (पूर्वीचं हॅवलॉक) वीज गेली, मेणबत्तीच्या उजेडात धाकटीला पटावरचं घर दिसेना. आई म्हणाली, "अगं, बोट फिरव, रेघ सापडेल." आणि सापडली. टाका बोटाला लागतो, त्यामुळे नजर कमी झालेल्या माणसालाही पट वाचता येतो. माझ्या मते कापडी पटाला यापेक्षा मोठं कारण नको. लाल दोरा घेणार असाल तर आधी कोमट पाण्यात बुडवून पांढऱ्या चिंधीवर दाबून बघा, रंग सुटतो का ते.

चल्लस आठला दान टाकायला कवड्या घेतल्या नाहीत. अंदमानच्या किनाऱ्यावरून शंख-शिंपले आणि प्रवाळ उचलून आणायला मनाई आहे, प्रवाळ तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं. तुळशीबागेत घेतलेल्या कवड्यांचा खुलासा परतीच्या विमानतळावर करत बसण्यापेक्षा चिंचोके बरे. आईने तिच्या लहानपणच्या पद्धतीने केले: चांगला जाड चिंचोका घ्यायचा, पाणी शिंपडलेल्या शहाबादी फरशीवर एकच बाजू घासायची. आधी तपकिरी साल जाते, मग आतला पांढरा गर दिसतो आणि हळूहळू ती बाजू सपाट होते. मधे थांबून टाकून बघायचं. फार घासला तर सपाट बाजूवर बसायला लागतो आणि दान एकसारखं पडतं. चार चिंचोके एकाच जाडीचे जमेपर्यंत बराच वेळ जातो, पण हे काम मुलांनी आवडीने केलं.

नवकंकरीसाठी दोन रंगांच्या नऊ-नऊ गुंड्या. वाघबकरीचा चार वाघ, वीस बकऱ्यांचा प्रकार घेतला, वाघांना कोटाची मोठी बटणं.

खेळताना लक्षात आलं ते असं, की पाऊस बघून खेळ काढावा. तिथली सर कधी पंधरा मिनिटांत उघडते, तेवढ्यात नवकंकरीचा एक डाव होतो आणि मुलं किनाऱ्याकडे पळायला मोकळी. आभाळ चहूबाजूंनी भरलं की चल्लस आठ. त्यातला दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जायचं नाही हा नियम आम्ही कडक ठेवला. त्यामुळे आजीची सोंगटी नातवाची वाट अडवून बसते, आणि पुढे गेलेल्याला मागच्याची भीती राहते. कुणी कंटाळून उठत नाही. वाघबकरी दोघांचा खेळ, पण बकऱ्यांच्या बाजूला तिघं बसून कुजबुजत खेळले तर जास्त रंगतो. बकऱ्यांनी घाई न करता कडा धरून ठेवल्या की वाघ कोंडतात, हे थोरल्याने आम्हाला दाखवून दिलं.

पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) पावसातही बाहेर पडायला जागा आहेत. सेल्युलर जेल बघायला मुलांना आधी सावरकरांची गोष्ट माहीत असावी. समुद्रिका संग्रहालयात शंख आणि प्रवाळ हवे तेवढे जवळून बघता येतात, किनाऱ्यावर हात आवरायला लावलेल्या मुलांना तिथे जरूर न्या. तरी संध्याकाळ पटाचीच.

पट परत आल्यावर धुतले. दोरा शाबूत आहे, फक्त वाघबकरीच्या तिरक्या रेघा किंचित ओढल्या गेल्यात. कापड आडव्या-उभ्या धाग्याला घट्ट असतं, तिरकं ताणतं. पुढच्या वेळी मागे दुसरा थर लावून धावदोऱ्याने जोडणार.

आता मोक्षपट, म्हणजे सापशिडीचं जुनं रूप, हातात घेतलाय. संशोधक वा. ल. मंजूळ यांनी जुन्या हस्तलिखितांतून उजेडात आणलेला, पहिलं घर जन्म आणि शेवटचं मोक्ष असलेला. साप आणि शिड्या साखळी टाक्याने भरल्या तर घरातली अक्षरं झाकली जातात. अक्षरं आधी भरून साप वरून बारीक देठ टाक्याने न्यावेत असा विचार आहे. कुणी मांजरपाटावर देवनागरी अक्षरं लहान आकारात भरली असतील तर पदर किती घेतले ते जरूर सांगा.