कॅनचं गाणं: आठव्या महिन्याची नोंद

मागच्या पोळ्याला पहिलं गाणं लिहिलं, त्याला आठ महिने झाले. वहीत एकूण 41 गाणी आहेत. त्यातली पेटीवर बसली दोन, आणि त्यातलंही चारचौघांत म्हणतो ते एकच, हे कॅनचं. हिशेब आधीच सांगून टाकला, मागाहून फसगत झाली असं कोणी म्हणायला नको.

सुरुवात झडत्यांनी झाली, म्हणजे पोळ्याला एकमेकांवर टाकतात त्या यमकी ओळींनी. तोरणाखाली बैल उभे असताना वरच्या आळीनं एक झडती टाकली, मी तिथल्या तिथं उलटी टाकली, आणि लोक हसले. तेवढ्यानं डोकं फिरलं. घरी येऊन पोराच्या चौरेघी वहीत लिहायला बसलो. पहिली बारा-तेरा गाणी निव्वळ विरहाची. चंद्र, पाऊस, काळीज, पुन्हा चंद्र. लग्नाला नऊ वर्षं झालेला संत्रेवाला मी, विरह आणायचा कुठून? एका गाण्यातली ‘ती’ कोण, हे बायकोनं दोनदा विचारलं. ते पान आता वहीत नाही.

मग अभंगाकडं वळलो. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. बोटं मोजता आली की जमलं, असं वाटलं होतं. अक्षरं जमली, पण जे उतरलं तो नुसता उपदेश. दारू सोडा, झाडं लावा. गुरुकुंज मोझरी आमच्याच जिल्ह्यात. तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकत आमच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या, तिथं माझा उपदेश कोण ऐकणार? मधे पंधरा दिवस गझलेचाही ताप येऊन गेला. सुरेश भटांच्या अमरावती जिल्ह्यात तो एकदा येतोच.

गाडी रुळावर आणली आमच्या भजन मंडळाच्या पेटीमास्तरांनी. बहिणीवर लिहिलेलं एक गाणं त्यांना ऐकवलं. माया, ममता, रक्ताचं नातं, सगळं भरलं होतं त्यात. काकांनी पेटीचा भाता सोडला नि म्हणाले, “बाबू, हे गानं नाई, अर्ज हाय. खाली फक्त ‘आपला विश्वासू’ लिवाचं रायलं.” मग विचारलं, “बहीन मनलं का तुले काय दिसते? रडू नको, दिसते काय ते सांग.”

मला कॅन दिसली.

आम्ही मोर्शीकडचे. विहिरीचं पाणी खोल गेलंय, पण गोड आहे. ताई दिली दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा असा पसरलेला. जमिनीतलं पाणीच खारं. विहीर खणा, बोअर मारा, लागतं ते खारट. त्या पाण्यात वरण नीट शिजत नाही. आता तिकडं नळ आलेत, जारही मिळतात. तरी ताई दिवाळीला आली की जाताना आमच्या विहिरीची एक कॅन भरून नेते, अमरावतीला गाडी बदलून. हे मी वीस वर्षं बघतोय, आणि 40 गाण्यांत एकदाही आलं नव्हतं.

लिहिलं ते जानेवारीत. संत्र्याच्या आंब्या बहाराचा ताण (फुलं यावीत म्हणून पाणी बंद ठेवतात तो) तोडून पाणी सुरू केलं होतं, आणि शेतीची लाईन रात्रीची. मोटर चालू करून बांधावर बसायचं, मोबाईलवर गुणगुणत रेकॉर्डिंग करायचं. एक गंमत सांगतो. ती रेकॉर्डिंग काकांना ऐकवली तर मागची मोटरची घरघर पांढरी पाचच्या, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या, अगदी जवळ निघाली. महिनाभर मी न कळत त्याच सुरात गात होतो.

आता कामाचं. पहिली ओळ अशी होती:

पाण्याची भरली कॅन तिनं

लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. मोजून पाहा, बरोबर 16 भरतात. कागदावर निर्दोष. काकांनी केरवा ताल धरला, आठ मात्रांचं आवर्तन, म्हणजे 16 मात्रांची ओळ दोन आवर्तनांत बसायला हवी. पण आठवी मात्रा संपते ‘भर’वर, आणि ‘ली’ जाऊन पडतो पुढच्या समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. म्हणताना ऐकू येतं ‘पाण्याची भर… ली कॅन तिनं’. कॅन मधेच फुटल्यासारखी. बेरीज जमली म्हणजे ओळ जमली, हा माझा सहा महिन्यांचा भ्रम तिथं गेला. आठवर शब्द संपला पाहिजे, निदान चाल अशी सरळ असेल तर.

दुसरी अडचण शेवटच्या अक्षराची. एक ओळ ‘एसटीत’वर संपवली होती. काका म्हणाले, “त वर काय तान घेशीन? दात दुखतीन.” खरंच आहे. सूर लांबवायला मोकळा स्वर लागतो: आ, ई, ए, ओ. जात्यावर आजी म्हणायची त्या ओव्या आठवून पाहिल्या. शेवट बहुतेक बाईऽ, गंऽ असा लांबणारा. दळताना तिला व्याकरण कुठं शिकवलं होतं कोणी?

चार रात्री घासून मुखडा असा झाला:

माहेराचं पाणी घेउन
ताई बसली यष्टीमंदी
मांडीवरती कॅन ठेवली
बापानं जनु देल्ली चांदी

‘घेऊन’चा ऊ मी ऱ्हस्व केलाय, ‘जणू’चाही. तेवढी सूट घेतली. ‘यष्टीमंदी’ला मात्र कोणी हात लावायचा नाही. आधी ‘बसमध्ये’ होतं, आणि तेव्हा गाण्यातली बाई माझी बहीण वाटतच नव्हती. आपल्या बोलीत लिहिलं की लोक विनोदी समजतील, ही भीती मला होती. मंडळात म्हटलं तेव्हा ‘यष्टी’वर दोघं हसले खरे. ‘चांदी’वर नाही हसले. मागच्या रांगेतल्या एका आजीनं दुसऱ्यांदा म्हणायला लावलं.

काळीज हा शब्द अख्ख्या गाण्यात नाही. आधी होता, दोन ठिकाणी. खोडल्यावर काहीच कमी झालं नाही, म्हणून तसाच खोडलेला ठेवला.

ताईला मी स्वतःहून पाठवलं नव्हतं. भाच्यानं कुठून तरी मिळवून तिला ऐकवलं. रात्री तिचा फोन. मला वाटलं, रडेल. म्हणाली, “बाबू, सारं बरोबर हाय. पन त्या कॅनचं झाकन गळत होतं ना! वलगावपोत्तर अर्धी साडी वली झाली माही. थे काऊन नाई लिवलं?”

दुसऱ्या अंतऱ्याची पहिली ओळ तिनं फोनवरच दिली म्हणायची:

झाकन गळलं, भिजली साडी

आठ अधिक आठ, शब्द आठवर संपतो, शेवटी मोकळा ई. मला एक मात्राही हलवावी लागली नाही. अडलंय ते पुढं. ‘साडी’ला ‘गाडी’ आपोआप येते, ऐकणारा माझ्याआधी म्हणून मोकळा होईल, म्हणून ती नको. ‘झाडी’ आणावी तर त्या रस्त्यावर झाडी आहेच कुठं, सगळी पऱ्हाटी आणि तूर. आठ दिवस झाले, मोटर चालू करतो आणि तिथंच अडतो. कोणाकडं तिसरं यमक असेल तर कळवा, पण पाणी कॅनमधलंच राहिलं पाहिजे.