तुम्ही विचारलंत म्हणून : गोळीनं मारणं-चावणं थांबेल का?

पालकसभा संपली की एखादी आई बाजूला घेऊन हळूच विचारते, "मॅडम, याचं मारणं-चावणं गोळीनं जाईल का?" मुलगा स्वमग्न (ऑटिझम असलेला) असतो किंवा त्याला बौद्धिक अक्षमता असते. आता तो आईपेक्षा उंच झालेला असतो आणि तिला त्याची भीती वाटू लागलेली असते.

कधीकधी गोळीची मदत होते. पण तो का मारतो, हे आधी शोधायलाच हवं.

पहिल्यांदा अंग तपासून घ्या. बोलता न येणाऱ्या मुलाची दाढ किडली, कान ठणकला, पोट साफ झालं नाही, तर तो सांगणार कसं? अशी मुलं स्वतःच्याच गालावर बुक्क्या मारतात आणि आपण त्याला हट्ट म्हणतो.

मग वही सुरू करा. आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर आपण काय केलं, असे तीन रकाने. घरोघरी तिसराच रिकामा असतो. नागपूरच्या महाल भागातल्या एका मुलाच्या घरानं तो नेटानं भरला. 'गणिताची वही काढली. आजीच्या हाताला चावला. राहू दे म्हटलं, वही ठेवून दिली.' पानभर हेच! चावलं की गणित टळतं, हे तो शिकला होता. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशीचं पान मात्र वेगळं होतं. तिथं ढोलांचा आवाज सोसवत नव्हता.

लक्ष वेधणं, नको ते टळणं, किंवा त्या क्रियेतूनच मिळणारी संवेदना : यांतलं कारण पद्धतशीर तपासता येतं, हे ब्रायन इवाटा या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये दाखवलं; हवी ती वस्तू मिळणं हे कारण पुढच्या अभ्यासांत जोडलं गेलं. तीच गोष्ट मागायचा दुसरा मार्ग शिकवला की असं वागणं कमी होतं, हे कार आणि ड्युरँड या संशोधकांनी 1985 मध्ये मांडलं. म्हणून त्या मुलाला 'थांबू' असं चित्रकार्ड दिलं. कार्ड हातात ठेवलं की लगेच सुट्टी. "मंग अभ्यास कधी करन हा पोट्टा?" आजींनी विचारलं. रास्तच होतं. कार्ड पक्कं झाल्यावर सुट्टीआधी एक गणित, मग दोन, असं वाढवत नेलं.

स्वमग्न मुलांच्या तीव्र चिडचिडीसाठी अमेरिकेत रिस्पेरिडोन या औषधाला 2006 मध्ये आणि ॲरिपिप्राझोल या औषधाला 2009 मध्ये मान्यता मिळाली. चिडचिड उतरते, पण मागायचं कसं हे गोळी शिकवत नाही. भूक आणि वजन वाढू शकतं, म्हणून वजन, साखर तपासत राहावं लागतं. गोळी मनानं बंद करू नका. मुलगा डोकं भिंतीवर आपटत असेल तर वही भरायची वाट न पाहता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.