साचा एक, तलाव चाळीस

भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडच्या माजी मालगुजारी तलावांची, म्हणजे आमच्या मामा तलावांची, नोंद करायचं आम्ही चार मास्तरांनी ठरवलं. मालगुजारी, म्हणजे मालगुजारांनी सारा गोळा करायची पद्धत, १९५०च्या कायद्यानं गेली, पण कोणत्या पाळीचं, म्हणजे तलावाच्या बांधाचं, काय हे सांगणारे म्हातारे आता बोटावर मोजण्याइतकेच. शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर मीडियाविकी हे सॉफ्टवेअर टाकलं. विकिपीडिया त्याच्यावरच चालतो, आणि फुकट आहे.

पहिल्या पानावर मी हौसेनं तक्ता काढला: गाव, क्षेत्र, पाळीची लांबी. मग तोच कॉपी करत सुटलो. चाळीस पानं झाल्यावर एक सर म्हणाले, "एकरासोबत हेक्टरही दाखवा ना जी." चाळीस पानं पुन्हा उघडायची?

तेव्हा विकीचा साचा, म्हणजे टेम्प्लेट, शिकलो. वीट साच्यातून निघाली की साच्याशी तिचा संबंध संपतो. इथं संपत नाही. पानावर दुहेरी महिरपी कंसात साच्याचं नाव आणि माहिती लिहायची, साच्यात त्या जागी तिहेरी कंस. उद्या साचा बदलला की सगळी पानं बदलतात. विटेसारखं सुटं पान हवं असेल तर नावाआधी 'सबस्ट' लावायचं, मग मजकूर पानातच उतरतो.

ऐकायला सोपं. एका पानावर गावाचं नावच दिसेना. चूक दाखवणारी लाल ओळही नाही. दोन संध्याकाळी गेल्या. साच्यात मी 'गाव' लिहिलं होतं, पानावर 'गांव'! एका टिंबापायी. साच्याला ओळखीचं नसलेलं नाव तो मुकाट्यानं सोडून देतो.

हेक्टरचं तर वेगळंच. एकराला ०.४०४७ नं गुणायचं सूत्र लावलं, तर लाल अक्षरात ओरड. विकीच्या गणिताला आपले मराठी आकडे कळत नाहीत. 'फॉरमॅटनम' लावून ते आधी इंग्रजी करून घ्यावे लागतात. विकीची भाषा मराठी ठेवली होती म्हणून तेवढ्यावर भागलं.

आणि 'साचा कसा वापरावा' ही माझी टीप 'नोइन्क्लूड'च्या आत टाकायची राहिली; त्याच्या आतलं तेवढं पानांवर उतरत नाही. सकाळी चाळीसही तलावांखाली माझा उपदेश!

मग एका ढीवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातल्या, काकांना पान दाखवलं. चष्मा वर करून त्यांनी सगळं वाचलं.

"सर, याच्यात तुडुम कुठं हाय जी?"

पाणी सोडायची तलावाची मोरी म्हणजे तुडुम, आणि तिलाच आमच्या तक्त्यात खण नव्हता. खण टाकायला दोन मिनिटं लागली. माहिती नसेल तिथं ओळ लपावी म्हणून 'इफ'ची अट घातली. सध्या एकोणचाळीस पानांवर ती ओळ लपलेलीच आहे. दिवाळीच्या सुट्टीत काकांना गाडीवर मागं बसवून निघायचं ठरलंय.