धाकट्याचा पास

शुक्रवार, रात्री

धाकट्या भावाला आज गेट पास परत मिळाला. संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात तो ठेकेदारातर्फे मशीन दुरुस्तीला जातो. पास नाही तर काम नाही. मधले दिवस भोसरीत मिळेल तिथे रोजंदारी केली. त्याबद्दल तो फारसं बोलत नाही, मीही खोदून विचारत नाही.

पास गेला तो दोन गोष्टींपायी. मोबाइलवरच्या ॲपवरून काढलेली कर्जं ही एक. एकाचा हप्ता भागवायला दुसरं, आणि शेवटी वसुलीवाले थेट त्याच्या सुपरवायझरला फोन करायला लागले. दुसरी दापोडीतली जुनी मारामारी. खटला लोकअदालतीत तडजोडीने मिटला होता, म्हणून पडताळणीच्या फॉर्मवर त्याने सरळ ‘नाही’ लिहून टाकलं.

खरी मेख तिथेच होती. तडजोडीने मिटलेला खटला कायदा निर्दोष सुटल्यासारखाच धरतो, हे वकिलांनी सांगितलं. पण फॉर्म ‘शिक्षा झाली का’ एवढंच विचारत नाही, ‘कधी खटला चालला का’ हेही विचारतो. अवतार सिंग खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा निकालही त्यांनीच समजावला. प्रकरण अगदी किरकोळ असेल तर दडवलेलंही नोकरी देणारा माफ करू शकतो. उलट सगळं खरं लिहिलं म्हणून ठेवूनच घ्यायला हवं, असंही नाही.

कर्जाचं मात्र मला पटत नव्हतं. कर्ज कुणाला नसतं? सरकारी नोकरांचे १९६४ चे वर्तणूक नियम वाचले. त्यांत कर्ज काढूच नका असं सरसकट कुठे नाही; सतत कर्जबाजारी राहू नका, असं आहे. ठेकेदाराच्या माणसाला ते लागू नाहीत, पण गेटवर आत सोडणाऱ्यांची धास्ती तीच. मागे वसुलीवाले, आणि घरात बायकोलाही पत्ता नाही. अशा माणसाला कुणी चार पैसे दाखवून आतलं काही विचारलं तर? हे डोक्यात शिरल्यावर माझा राग उतरला.

मग मी कामाला लागले. मेट्रोने शिवाजीनगर कोर्टात जाऊन निकालाची नक्कल काढली. सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा, रिपोर्ट काढला (वर्षातून एकदा फुकट मिळतो, हे कितीजणांना ठाऊक आहे?). ३०० ते ९०० च्या मोजपट्टीवर आमचे चिरंजीव पार तळाला. दोन कर्जांपुढे ‘सेटल्ड’. त्याला वाटायचं हे चांगलंच! खरा अर्थ असा, की कर्ज देणाऱ्याने कमी पैशांत तोडून दिलं, बाकी बुडीत. वहिनीने भिशीचे पैसे काढले, उरलेली रक्कम भरली, ना हरकत पत्रं घेतली आणि ‘क्लोज्ड’ करून घेतलं.

नव्या फॉर्मवर तो ‘किरकोळ वाद’ लिहायला निघाला होता. मी पेन काढून घेतलं. ‘ताई, एवढं सगळं लिहायचं?’ सगळं. जागा पुरेना, वेगळा कागद जोडला.

पास सध्या मुदतीचाच आहे आणि एकाच विभागापुरता. आई मात्र संध्याकाळपासून चाळीत पेढे वाटत सांगतेय, ‘ऑफिसातच कागदांचा काहीतरी घोळ झाला होता.’ मी अडवलं नाही. शेजाऱ्यांकडे कुठे फॉर्म भरायचाय!